कॅलेंडर खिळ्यावरनं काढायच्या आधी

(डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावात एका वाचनालयाच्या सभागृहात झालेलं व्याख्यान. बोललो तसंच ठेवलंय, थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी. पुढं या की, पहिल्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. वहिनी, तुम्ही दारात नका बसू, वारं येतंय तिथनं. विषय दिलाय 'सरलेलं वर्ष आणि येणारं वर्ष', वेळ दिलाय चाळीस मिनिटं. त्यात येणारं वर्ष महत्त्वाचं, त्याकडं मी येतोच, पण आधी मला एक गोष्ट सांगायची आहे, मे महिन्यापासनं डोक्यात घोळालीय, घरात सगळ्यांना सांगून झाली, आता तुमची पाळी.

मे महिन्यात आमच्या गावच्या, येळ्ळूरच्या घराची कौलं परतायला माणसं बोलावली होती. कौलं परतायची म्हटल्यावर माळा रिकामा करावा लागतो, तुम्हाला माहितीच आहे. माळ्यावर काय काय सापडलं ते सांगत बसत नाही, पण एका पोत्यात सुतळीनं बांधलेली कॅलेंडरं सापडली. गुंडाळी करून ठेवलेली, वर्षावर वर्ष. आईची. आई जाऊन दोन वर्षं झाली. ती तिसरीपर्यंत शिकलेली, तिला आम्ही कधी काही लिहिताना बघितलंच नाही असं आम्ही भावंडं समजत होतो, आणि इथं एकवीस वर्षांचं लिखाण. खिळ्याला कॅलेंडर आणि त्याच खिळ्याला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन, ते पेन मात्र मला आठवतंय, कारण आम्ही ते पळवायचो आणि मार खायचो.

आता तिनं काय लिहिलंय बघा. चौकोन केवढा, बोटाच्या नखाएवढा. त्यात 'गॅस'. 'म्हैस व्याली'. 'रोप लावण'. नोव्हेंबरात 'मसूर घातली', कारण आमच्याकडं भात काढलं की त्याच रानात ओलीवर मसूर. मग 'अक्का आली', आणि नऊ चौकोन सोडून 'अक्का गेली'. बाकी काही नाही. ते नऊ रिकामे चौकोन बघून मला काय वाटलं हे मी सांगू शकत नाही. बहीण घरी असली की आईला लिहायला सवड व्हायची नाही.

आणि एक गंमत. जुलैच्या पानांवर पाऊस कुठंच नाही. मी म्हटलं असं कसं, आपल्याकडचा जुलै, महिनामहिना सूर्य दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवायचे. मग नीट बघितलं तर चार-पाच चौकोनांत लिहिलेलं, 'ऊन'. ती पाऊस लिहायचीच नाही! रोजचं काय लिहायचं? ऊन पडलं की लिहायची. येळ्ळूरचे कोण बसलेत का इथं? हां, काका, तुम्हाला पटलं बघा.

हे डोक्यात ठेवा, आता माझ्या वर्षाकडं येतो.

आई गेल्यावर जमिनीच्या उताऱ्यावर वारसा लावायचा होता. जुन्या उताऱ्यात आमच्या आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झालेला, कधी झाला कुणाला माहीत नाही. मराठी नाव कानडीत लिहिताना, मग कानडीतनं कॉम्प्युटरवर चढवताना असं होतं, इथं निम्म्या लोकांच्या उताऱ्यात काहीतरी झालेलं असणार, माना डोलवालाय म्हणजे खरंच आहे. तर एका अक्षरासाठी जूनपासनं हेलपाटे. ऑफिसचं नाव घेत नाही, घ्यायची गरज नाही. बाँड आणा, आणला. जुना उतारा आणा, आणला. शाळेचा दाखला आणा, अहो वडिलांचा शाळेचा दाखला कुठनं आणू? एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद, एकदा अर्ज कानडीत पाहिजे म्हणून परत. आणि दर वेळी तेच, 'नाळि बर्री', उद्या या. अर्ज शेवटी तिथल्याच एका कानडी पोरानं लिहून दिला, तो बाहेर झेरॉक्सच्या दुकानात असतो, पैसे घेतले नाहीत त्यानं. हे पण सांगायला पाहिजे, कारण सहा महिने मी सगळ्यांना हेलपाटे सांगितले, त्या पोराचं कुणालाच सांगितलं नाही.

मी काय सांगत होतो लोकांना? वीस हेलपाटे झाले. वर्ष वाया गेलं. कुणी विचारलं काय चाललंय तर हेच. आणि गेल्या आठवड्यात, आईची कॅलेंडरं वाचून झाल्यावर, म्हटलं आपलं पण वाचूया. आमच्यात आता बायको लिहिते खिळ्यावरच्या कॅलेंडरवर, मीही कधीकधी. जानेवारीपासनं सुरू केलं, चहा घेऊन बसलो, दीड तास गेला. हेलपाटे मोजले. सात!

सात दिवस, मंडळी. वर्षातले सात दिवस त्या ऑफिसनं खाल्ले. पण जुलै ते नोव्हेंबर माझ्या अक्षरातलं दुसरं काहीच नाही त्या कॅलेंडरवर. बायकोचं आहे, नातीचं बारसं आहे, दोस्त निपाणीहून येऊन राहून गेला तेही तिनंच लिहिलंय. मी त्या पाच महिन्यांत काय केलं? वाट बघितली. उतारा झाला की विहिरीचं बघू, उतारा झाला की आंबे लावू, उतारा झाला की गोव्याला अक्काकडं जाऊ. आता मला सांगा, अक्काकडं जायला उतारा कशाला लागतो? हसा, पण घरी जाऊन तुमचं कॅलेंडर पण बघा.

हे फक्त माझं नाही म्हणून बोलालोय. आपण सीमाभागातली माणसं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासनं आपल्या घराघरात एक वाक्य आहे, 'निकाल लागला की बघू'. २००४ पासनं दावा सुप्रीम कोर्टात आहे. प्रश्न खरा आहे, मी त्यातनं मागं हटणारा माणूस नाही, वडील सत्याग्रहात होते. पण पोरांची शाळा, घराची डागडुजी, पुण्याला जायचं की इथंच धंदा टाकायचा, हे सगळं त्या तारखेला टांगून ठेवलेली घरं मी बघितलीत आणि त्यातल्या दोन घरांत आता कुलूप आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

चिठ्ठी आली का? पंधरा मिनिटं? बरं.

मग ती काँग्रेसची गोष्ट सांगतो, ती सोडून चालणार नाही. काँग्रेस रोडनं तुम्ही रोज गाडीवरनं जाता, ती काँग्रेस विहीर कितीजणांनी आत जाऊन बघितलीय? २०२४ ला अधिवेशनाची शताब्दी झाली, रोषणाई बघायला सगळे गेलो. डिसेंबर १९२४, टिळकवाडीतलं अधिवेशन, गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा मांडव उभा केलेला, आणि गांधीजी अध्यक्ष. आयुष्यात काँग्रेसचे अध्यक्ष ते एकदाच झाले, आपल्या बेळगावात. आता वर्षाचा शेवट, देशभरातनं माणसं आलेली, स्वराज्य हवंय, आणि स्वराज्य देणार कोण तर लंडन. तिथला 'नाळि बर्री' सगळ्यांनी ऐकलेला. तर इथं ठरलं काय? काँग्रेसचा सभासद व्हायचं तर महिन्याला दोन हजार वार सूत. वार म्हणजे सोमवार-मंगळवार नव्हे हो, कापड मोजायचा वार. स्वतः काता, नाही जमलं तर दुसऱ्याकडनं कातून आणा, पण द्या. महिन्याला जवळजवळ एक किलोमीटर आठशे मीटर सूत, वर्षाला चोवीस हजार वार.

मला हा ठराव फार आवडतो. 'यंदा देशासाठी काहीतरी करीन' असा नाही तो. किती वार, कुठल्या महिन्यात, कुणाच्या हातानं, सगळं मोजता येतं. आणि लंडनहून पत्र येवो न येवो, चरखा फिरतोय. वडगाव-शहापूरच्या विणकरांना हे वेगळं सांगायला नको, सूत किती हे त्यांना बोटानं कळतं.

आणि पुढचं ऐका, हे कुणी सांगत नाही. तो ठराव वर्षभर टिकला नाही. लोकांना झेपेना. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याच्या बैठकीत बदलला, सूत द्या नाहीतर चार आणे द्या. गांधीजींचा ठराव नऊ महिन्यांत बदलावा लागतो आणि आपण ५ जानेवारीला फिरायला गेलो नाही म्हणून ते वर्षच सोडून देतो. बदला की! मार्चात बदला, सप्टेंबरात बदला.

पाच मिनिटं? ठीक आहे, येणारं वर्ष आता पळवतच सांगतो, माफ करा, खरं तर तेच सांगायला बोलावलं होतं.

एक म्हणजे मागचं वर्ष आठवणीवर सोडू नका. डॅनियल काहनेमन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना, त्यांनी दाखवून दिलं की घडून गेलेली गोष्ट आपण सगळीच्या सगळी आठवत नाही, त्यातला सगळ्यात टोकाचा क्षण आणि शेवट, ह्या दोनांवरनं ती चांगली की वाईट ते ठरवतो. म्हणून माझे सातचे वीस झाले. कॅलेंडर, बँकेचं पासबुक, मोबाइलमधले फोटो, दुधाचं कार्ड, काय असेल ते घेऊन बसा आणि पान पान बघा, आणि 'ऊन' कुठं पडलं तिथं पेनानं खूण मारा.

पुढचं वर्ष लिहिताना वाक्य 'झालं की' असं सुरू होत असेल तर ते खोडा. नोकरी लागली की, रिटायर झालो की, पोरीचं लग्न झालं की. त्यातलं जे आत्ता होतंय ते काढून घ्या आणि वारात लिहा, म्हणजे किती आणि कधी. आणि जानेवारी पकडायलाच पाहिजे असं कोण म्हणतंय? आपल्याकडं वर्ष किती वेळा सुरू होतं, पाडव्याला एकदा, लक्ष्मीपूजनाला वही बदलते तेव्हा एकदा, १ एप्रिलला एकदा, ते तर १८६७ पासनं इंग्रजांनी लावून दिलेलं, सरकारी शक सन १९५७ पासनं आहेच, शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीनं सुचवलेलं, आणि शेतकऱ्याला विचाराल तर मृग. एक चुकलं तर दुसरं धरा, चार-पाच महिन्यांच्या आत एक आहेच. अजून एक होतं, माणसांची नावं लिहायचं, कामाच्या आधी माणसं, कुणाकडं जायचं ते, पण घंटा वाजवालेत.

काल गणपत गल्लीतनं नवीन कॅलेंडर आणलं. उतारा अजून झालेला नाही, हे सांगायचं राहिलं. 'ळ' अजून 'ल'च आहे. फेब्रुवारीच्या पानावर लिहिलंय, 'अक्काकडं, ४ दिवस'. जूनमध्ये मृगाच्या चौकोनात, 'आंबे २, बांधावर'. जागा पुरली नाही म्हणून बारीक अक्षरात लिहिलं, आणि खिळ्याला सुतळी बांधून पेन लावलंय.

आणि एक विनंती आहे. तुमच्यात कुणाकडं आईची, आजीची अशी जुनी कॅलेंडरं असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. ठेवायला जागा नसेल तर माझ्याकडं आणा, येळ्ळूरला माळा रिकामा आहे. चला, चहा आलाय.