निर्लेखन झालं का?

श्रोतेहो, नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी शाखा अभियंता होतो. शाळेच्या खोलीत शिरलं की आधी स्लॅबला काठीनं ठोकून बघायचं, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. स्लॅब धड असेल तर खणखणीत वाजतो. आतली सळई गंजून काँक्रीट सुटलं असेल, तर बद्द आवाज येतो, फुटक्या माठासारखा. पोरांना त्याची भारी गंमत वाटायची. "साहेब, हिकडं पण बद्द वाजतंय," म्हणून कोपरे दाखवायची. त्याच कोपऱ्याखाली त्यांची दप्तरं असायची.

पण स्लॅब बद्द वाजला म्हणून नवी खोली मंजूर होत नाही. त्याआधी जुन्या खोलीचं निर्लेखन व्हावं लागतं. म्हणजे ती खोली सरकारी दप्तरातून रीतसर पुसायची. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, उपअभियंत्याचा दाखला आणि शेवटी जिल्हा परिषदेची मंजुरी. मग खोली पाडायची आणि निघालेल्या सळया, पत्रे, दारं यांचा लिलाव करायचा. कागद पूर्ण होईतो भिंत उभीच, आणि पावसाळ्यात दुसरी जागा नसली की पोरं पुन्हा त्याच भिंतीआड. ऑगस्ट 2017 मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. मग ठिकठिकाणी धोकादायक खोल्यांच्या याद्या नव्यानं निघाल्या. ही घाई आधी का होत नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मीही त्याच कचेरीत बसत होतो.

आता पैशाचं. मोठी वाट समग्र शिक्षा अभियानाची. 2018 मध्ये सर्व शिक्षा अभियान त्यात विलीन झालं. आपल्या राज्यात रुपयातले साठ पैसे केंद्राचे, चाळीस राज्याचे. दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. हा निधी खर्चायला जिल्हा परिषदेला दोन वर्षं मिळतात. त्याशिवाय सेस, म्हणजे जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न, आणि आमदार-खासदार निधी. दरवर्षीचं संयुक्त शाळा अनुदान मात्र बांधकामाचं नव्हे. तीसपर्यंत पट असेल तर 10 हजार, शंभरपर्यंत 25 हजार, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. त्यातून खडू, वीजबिल भागवून गळका पत्रा बदलला तरी पुष्कळ.

खोल्या किती, हे पटावर ठरतं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक खोली. म्हणजे पट अठ्ठावन्न असेल तर वर्ग पाच आणि हक्काच्या खोल्या दोन. तिसरी मागायला गेलात की पहिला प्रश्न, "पट किती?" यातला पेच असा, की खोली गळते म्हणून पालक मुलं काढून नेतात, पट घसरतो, आणि घसरलेला पट दाखवून खोली नाकारली जाते. म्हणून पालकांना माझं सांगणं एकच असे: यू-डायस मध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी नोंदीत, खोल्यांची खरी अवस्था लिहिली जाते का, ते बघा. शाळेची लाज नको म्हणून मोडकी खोली "सुस्थितीत" लिहिणारे मी पाहिलेत. मग दिल्ली-मुंबईच्या हिशेबात ती खोली चांगलीच असते.

सर्व शिक्षा अभियानात एक चांगला नियम होता: काम ठेकेदाराला द्यायचं नाही, गावच्या समितीनं करायचं. त्यात कटकटी होत्या, मुख्याध्यापक शिकवायचं सोडून सिमेंटच्या गोण्या मोजत. तरी वाळूत माती आली की गावातलीच बाई ओरडायची, कारण तिचं पोर त्या खोलीत बसणार असायचं. निविदेतल्या कामाला मोजमाप पुस्तिका असते, अशी बाई नसते.

आणि जागा! कितीतरी शाळा आजोबांनी शब्दावर दिलेल्या जमिनीत उभ्या आहेत. सातबारा नातवांच्या नावावर. एका गावात निधी आला, जागेचा कागद नाही म्हणून परत गेला. पुढच्या वर्षी नातू स्वतः दुय्यम निबंधकाकडे बक्षीसपत्र करायला आला. त्याची अट एकच, आवारातली आजोबांची चिंच तोडायची नाही. आमच्या नकाशात पाया नेमका तिच्या मुळांवर येत होता. पाया सात फूट सरकवला, नकाशा पुन्हा तांत्रिक मान्यतेला पाठवला. त्यात महिना गेला, आणि त्या महिन्यात दुसरीचा वर्ग चिंचेखालीच भरला.

नमस्कार.