दिव्याखालचा उंदीर

(दृश्य: लाकडी चौफुली. मधोमध एक काळा उंदीर.)

जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच अशी ही चौफुली. दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. उंदीर मधोमध सोडायचा आणि पाच मिनिटांत तो कुठे किती वेळ थांबतो, ते मोजायचं. उघड्यावर फिरला तर धीट, भिंतीआड राहिला तर घाबरट. चिंतेवरची औषधं १९८०च्या दशकापासून अशीच पारखली जातात.

पण उंदीर कोणत्या वाणाचा?

हा काळा सी-५७. याचा वाण १९२१ साली अमेरिकेत क्लॅरेन्स कुक लिटल यांनी सुरू केला. शेजारचा पांढरा, गुलाबी डोळ्यांचा, तो बाल्ब-सी. अशा वाणांत सख्ख्या भावंडांचा संकर पिढ्यान्‌पिढ्या चालतो, म्हणून एकाच वाणातले उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे. बाल्ब-सी मुळातच बिचकणारा. त्यात त्याच्या डोळ्यांत रंगद्रव्य नाही, त्यामुळे प्रकाश बाहुलीतून शिरतोच, बुबुळातूनही झिरपतो.

(दृश्य: छतावरचा दिवा लागतो.)

उंदीर रात्रीचा प्राणी. लक्स हे उजेडाचं माप. पौर्णिमेचं चांदणं एक लक्ससुद्धा भरत नाही, आपल्या ऑफिसात तीनशे-चारशे लक्स सहज असतात. घुबडाच्या भीतीनं अंधार धरून जगलेल्या जिवाला आपण त्या झगझगाटात उभं करतो.

आणि सी-३-एच हा वाण पाहा. एका जनुकातल्या दोषामुळे पिल्लं काही आठवड्यांची होईपर्यंत त्याच्या दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरून जातात. असा उंदीर उजेडात निवांत बसला, तर त्याला धीट कसं म्हणायचं? त्याला तो उजेड आपल्यासारखा दिसतच नाही! मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

१९९९ साली जॉन क्रॅब, डग्लस वाल्स्टन आणि ब्रूस ड्युडेक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी अशा तीन प्रयोगशाळा. आठ प्रकारचे उंदीर, तेच वय, तीच उपकरणं, चाचण्याही एकाच दिवशी. वाणावाणांतले ठळक फरक तिन्हीकडे दिसले, तरी काही चाचण्यांचे निकाल जागेगणिक बदलले. या चौफुलीचेसुद्धा. इतकी काळजी घेऊनही!

(दृश्य: रिकामी चौफुली. एक हात लक्समीटर ठेवतो.)

म्हणून आधी मधोमध उजेड मोजायचा, मग चारही वाटांच्या टोकांना. आकडे वहीत उतरवायचे, शेजारी वाणाचं पूर्ण नाव. उंदीर त्यानंतर आणायचा.