धावताना आलेली चक्कर

नमस्कार श्रोतेहो.

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं. अंगणवाडीत दोनदा येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं हे काम २०१३ पासून सुरू आहे आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. डोळे, दात, वजन बघून झालं की डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताच्या तापानं बिघडलेलं हृदय, हे दोन्ही आजार त्यांच्या यादीत आहेत. पण शंभर-दीडशे पोरांच्या रांगेत एकेकाच्या वाट्याला मिनिटं किती येणार? तेवढ्यात हृदयाचा आवाज ऐकता येतो. ‘हा खेळताना मध्येच खाली बसतो’ हे मात्र घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. म्हणून आज मुलांच्या हृदयाबद्दल बोलताना मी यंत्रांपेक्षा तुम्ही डॉक्टरांना काय सांगायचं, यावरच जास्त बोलणार आहे.

चक्कर घ्या. सकाळी उपाशीपोटी आलेली मुलगी प्रार्थनेला उन्हात उभी राहते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि कोसळते. आडवं केलं, पाणी दिलं की उठून बसते. आपल्या सोलापूरच्या उन्हात हे नवीन नाही आणि बहुतेक वेळा त्यात हृदयाचा दोष नसतो. पण धावता धावता, खो-खो खेळताना किंवा पोहताना मूल एकाएकी कोसळलं, तर ती चक्कर वेगळी. दचकल्यावर, मोठा आवाज झाल्यावर शुद्ध हरपली तरी तसंच. लिंबू सरबतावर भागवू नका, ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, काढून घ्या. हृदयाचा ठोका बिघडून शुद्ध गेली तरी हातपाय झटके देऊ शकतात. मग ‘फिट आली’ म्हणून वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात आणि ईसीजी कुणी काढलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट घराण्याची. आपल्याकडे तरुण माणूस अचानक गेला की ‘झटका आला’, ‘बाहेरची बाधा झाली’ म्हणतात आणि पुढं त्याचा विषयही काढत नाहीत. चाळिशीच्या आत झोपेत गेलेला काका, पोहता येत असूनही विहिरीत बुडालेला मामा, हे डॉक्टरला सांगायलाच हवं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार साधारण पाचशेत एकाला असतो आणि तो बऱ्याचदा घराण्यातून येतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न आपल्या भागात अजून होतं. अशा घरात जन्मतः बहिरं मूल असेल, तर त्याचा ईसीजी एकदा जरूर काढा. बहिरेपण आणि ठोक्याचा धोकादायक दोष क्वचित जोडीनं येतात.

तान्ह्या बाळाचं आईला आधी कळतं. दूध ओढताना बाळ दमून थांबतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, रडताना ओठ-जीभ निळी पडते. हजार बाळांमागे आठ-नऊ जणांना जन्मजात हृदयदोष असतो. काही छिद्रं आपोआप बुजतात, काहींचं ऑपरेशन ठरावीक वयातच करावं लागतं. ‘मोठं झाल्यावर बघू’ हे आपलं आपण ठरवायचं नाही.

आता ज्या आजाराचं मला सगळ्यात वाईट वाटतं, त्या संधिवाताच्या तापाकडे येतो. कारण तो टाळता येतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूनं दुखतो. एका खोलीत सहा-सात माणसं झोपत असतील तर तो लवकर पसरतो. घसा बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आधी गुडघा सुजतो, मग तो उतरून घोटा धरतो, मग मनगट. काही दिवसांनी सांधे आपोआप मोकळे होतात आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आत मात्र हृदयाची झडप सुजलेली असते. पुन्हा घसा, पुन्हा ताप, आणि झडप दर वेळी थोडी अधिक बिघडते. मुलीच्या बाबतीत कित्येकदा हे बाळंतपणाच्या वेळी, दम लागू लागल्यावर उघडकीला येतं. उपाय जुना आणि स्वस्त आहे: दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, अनेक वर्षं. ते दुखतं हो, पोरं रडतात, आणि सुट्टीला गावाला गेलं की हमखास चुकतं. ते चुकवू नका. घसा दुखून ताप आला तरीही डॉक्टरला दाखवा.

मग सगळ्याच मुलांचा ईसीजी काढावा का? यावर जगभर वाद आहे. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना तो सक्तीचा आहे आणि तिथल्या व्हेनेतो प्रांतात खेळाडूंचे अचानक मृत्यू पुढच्या वीस वर्षांत खूप घटले. इस्रायलनं १९९७ मध्ये तशीच सक्ती केली, तिथं फरक दिसला नाही. शिवाय निरोगी मुलाच्या छातीतही, विशेषतः तापात, निरुपद्रवी आवाज येतो. त्यावरून घाबरून मुलाचं खेळणं बंद करणारे पालक कमी नाहीत. माझं मत असं, की सरसकट ईसीजीची गरज नाही. पण तालमीत जाणाऱ्या आणि पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे धावणाऱ्या पोरांनी एकदा तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. तो काही मिनिटांत होतो, दुखत नाही. आणि ताप असताना धावायचं नाही, प्रशिक्षक काहीही म्हणोत.

तपासणी चांगली आली तरी शंभर टक्के खात्री मिळत नाही. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन व्यावसायिक खेळाडू होता, त्याच्या तपासण्या वेळोवेळी झाल्या होत्या. तरी जून २०२१ मध्ये तो भर सामन्यात कोसळला. मैदानावर लगेच छाती दाबली गेली, विजेचा झटका दिला गेला, म्हणून वाचला आणि पुढं खेळलाही. आपल्याकडे अशा वेळी कांदा शोधतात, चप्पल हुंगवतात. मूल हाक मारून हलत नसेल, श्वास नीट नसेल, तर एकानं १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात दाबायचं. मोठ्या मुलाची छाती साधारण पाच सेंटिमीटर खाली जायला हवी, वेग मिनिटाला १०० ते १२०. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

शाळेच्या पथकानं पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात राहू देऊ नका. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल आणि चिठ्ठी वाचता येत नसेल, तर गुरुजींना, बाईंना विचारा. पुढच्या तपासण्या सरकारी रुग्णालयात होतात आणि ऑपरेशनसाठी सरकारी योजनेतून मदत मिळते. जाताना रेशन कार्ड, आधार आणि मुलाचे जुने कागद सोबत ठेवा.

नमस्कार.