खाडीच्या या काठाला देऊळ, त्या काठाला चर्च

नमस्कार मंडळी. कोकणात गाव असेल तर जरा डोळे मिटा आणि एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत मनातल्या मनात चालून बघा. आधी बाजारपेठ, मग मोहल्ला आणि मशिदीचा मिनार, पऱ्ह्या, म्हणजे ओढा, ओलांडला की कुणबीवाडी, वर ग्रामदेवतेचं देऊळ, पलीकडे बौद्धवाडी आणि तिथला विहार. दहा-पंधरा मिनिटांची वाट.

आता देशाचे आकडे ऐका. २०११ च्या जनगणनेत हिंदू ७९.८ टक्के, मुस्लिम १४.२, ख्रिस्ती २.३, बौद्ध ०.७. ही सरासरी जशीच्या तशी दिसेल असं गाव शोधायला निघालात तर तुम्ही फिरतच राहाल. तेच ०.७ महाराष्ट्रात जवळजवळ ६ टक्के होतात, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. चवदार तळ्याचं महाडही कोकणातलंच. एका रात्रीत घरं हलली नाहीत, वाडी तिथेच राहिली. देवघरातल्या तसबिरी मात्र बदलल्या.

पण भूगोल खरा कुठे बोलतो, ते पाहायला गोव्यात जाऊ. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश. देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी देव उचलले. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. का? कारण नदीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, आदिलशाहीत होता. मूर्ती होडीत घालून रात्रीच्या अंधारात निघालेली माणसं डोळ्यांपुढे आणली की माझा घसा दाटून येतो. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग पोर्तुगीजांच्या हाती आले ते १८ व्या शतकात, धर्मांतराचा जोर ओसरल्यावर. तो फरक २०११ च्या जनगणनेतही मोजता येतो: दक्षिण गोव्यात ख्रिस्ती साधारण ३६ टक्के, उत्तर गोव्यात १६ च्या आसपास. अडीचशे वर्षं उशिरा आलेली सत्ता, हे त्याचं एक मोठं कारण.

रायगडात असंच एक पान समुद्राने आणून ठेवलं. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, असं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगतात. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. अलिबागचं सिनेगॉग अजून आहे.

आणि ज्यांचा कशावरच विश्वास नाही, ते? त्यांची वाडी नसते. जनगणनेच्या तक्त्यात सहा धर्मांना क्रमांक होते, नास्तिकाला नव्हता. तरी आवर्जून तसं लिहायला लावणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले. १२१ कोटींत ३३ हजार! मला हा आकडा अजिबात पटत नाही. देव न मानणारे याहून कितीतरी जास्त असणार. पण गावात माणूस आधी वाडीचा असतो, मग स्वतःचा.

माझे मामा देव मानत नाहीत. पन्नास वर्षांत त्यांनी देवापुढे हात जोडलेले कुणी पाहिले नाहीत. मुंबईत असते तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. गावात सगळ्यांना माहीत आहे, तरी शिमग्याची वर्गणी ते सगळ्यांत आधी देतात आणि पालखी खांद्यावर घेतात. "ती गावाची पालखी आहे, भाच्या," म्हणतात. शिरगणतीला बाई आल्या तेव्हा मी ओटीवरच बसलो होतो. मामींनी पाणी दिलं, बाईंनी आडनाव विचारलं, वाडी विचारली आणि धर्माचा रकाना न विचारताच भरला. मामा समोर होते. ते काही बोलले नाहीत.