तिसरं चित्र

शिक्षक मित्रहो, दोन देशांतली दोन चित्रं शेजारी लावायची आणि ‘साम्य-भेद लिहा’ म्हणायचं, ही आपली रुळलेली पद्धत. मुलं पटापट दोन रकाने भरतात आणि चित्र बघायचं राहूनच जातं. तुलनेला आधी प्रश्न लागतो, दोन्ही चित्रांना विचारता येईल असा.

उदाहरणार्थ, निसर्गापुढे माणसाला केवढी जागा दिली आहे? एक चित्र फान क्वान या चिनी चित्रकाराचं, इसवी सन १००० च्या सुमाराचं. आज ते तैपेईच्या संग्रहालयात आहे. दुसरं जर्मनीच्या कास्पार डाव्हिड फ्रीडरिखचं, १८१८ च्या आसपासचं, धुक्याच्या सागरासमोर उभ्या प्रवाशाचं. पडद्यावर दोन्ही एकाच मापाची दिसतात, आणि तिथेच घात होतो. फान क्वानचं रेशमावरचं चित्र दोन मीटरहून उंच आहे, फ्रीडरिखचं मीटरभरही नाही. म्हणून मी आधी दोन्हींची खरी मापं भिंतीवर खडूनं आखायला लावते.

मग माणूस शोधायचा. फान क्वानच्या प्रचंड कड्याखाली, उजवीकडे अगदी तळाशी, लादलेल्या जनावरांचा छोटासा तांडा चालला आहे. तो सापडायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण गप्प राहायचं, हे फार महत्त्वाचं. तिथल्याच झाडांच्या पानांत चित्रकाराची सही दडलेली आहे. ती लक्षात आली थेट १९५८ साली. फ्रीडरिखचा प्रवासी मात्र ऐन मधोमध, पाठमोरा, खडकावर काठी टेकून उभा.

आता हमखास उत्तर येतं: पूर्वेचा माणूस नम्र, पश्चिमेचा अहंकारी. या टाळ्या घेणाऱ्या वाक्याची मला धास्ती वाटते. अशा वेळी मी तिसरं चित्र काढते. तेही फ्रीडरिखचंच, १८०८ ते १८१० मधलं: अफाट आभाळ, काळसर समुद्र आणि काठावर इवलासा एक भिक्षू. चित्रकार तोच, देश तोच, आणि माणूस मात्र जवळजवळ नाहीसा झालेला! निकाल कोसळतो आणि मुलं पुन्हा बघू लागतात. पहिल्या दोन चित्रांमध्ये आठशे वर्षांचं अंतर आहे, मग हा फरक संस्कृतीचा की काळाचा, असं कुणीतरी विचारतंच. त्या प्रश्नासाठी अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

‘चिनी चित्रकाराला पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे एका जागेवरून दिसणारी खोली, जमलं नाही’ हे वाक्य मात्र तसंच सोडू नका. त्यानं नजर एका जागी बांधलीच नाही. ती पायथ्यापासून शिखरापर्यंत चढत जाते. एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली की तुलना संपली.

आणि या संस्कृती काही बंद पेट्यांत राहत नव्हत्या. १६०० च्या सुमारास मुघल दरबारातला अबुल हसन हा पोरसवदा चित्रकार जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापचित्रातल्या संत जॉनची आकृती रेखाटत होता. पुढे १६५६ ते १६६१ च्या दरम्यान डच चित्रकार रेम्ब्राँनं मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली, तीही आशियाई कागदावर. तिथे मी साम्य-भेद विचारतच नाही. रेम्ब्राँनं काय जसंच्या तसं ठेवलं आणि काय सोडलं, एवढंच शोधायला सांगते. एका बाजूनं दिसणारा चेहरा त्यानं ठेवला, पेहराव ठेवला. झळाळते रंग सोडून तपकिरी शाई घेतली. का, ते मुलांनी सांगायचं, चित्रातल्या जागेवर बोट ठेवून.