मामा तलावाच्या बुडाशी

(दृश्य: मे महिन्याची सकाळ. गोंदिया जिल्ह्यातला एक तलाव. पाणी मधोमध उरलंय, काठाला बेशरमाचं रान.)

कोकणात खारफुटी तोडली की चिखलातले खेकडे जातात, हे आपण टीव्हीवर पाहिलेलं असतं. आपल्या विदर्भात ना समुद्र, ना खारफुटी. चिखल मात्र आहे, आणि त्यातही कुणीतरी राहतं.

हा मामा तलाव. माजी मालगुजारी, म्हणून मामा; मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुणी राखायची हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

(दृश्य: घमेल्यातला गाळ, अगदी जवळून.)

ओंजळभर गाळ चाळणीवर धरून पाणी ओतलंय. थांबा, हललं काहीतरी. सुतासारखी लाल अळी. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीची. लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं तसल्याच. त्याच्या जोरावर ती कमी प्राणवायूतही तगते. म्हणून घमेल्यात नुसत्या ह्याच निघाल्या, तर समजावं की बुडाशी दम कोंडलाय.

ही दुसरी, मातकट, सहा पायांची. चतुराचं पिल्लू. श्वास घेतं मागच्या बाजूनं पाणी ओढून! खालचा ओठ हातासारखा घडी करून तोंडाखाली ठेवलेला; भक्ष्य टप्प्यात आलं की तो सपकन बाहेर.

शिंपल्याचं प्रकरण आणखी गुंत्याचं. त्याची पिल्लं माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटतात, काही दिवस तिथंच काढतात, मग गाळात उतरतात. मासा गेला की काही वर्षांनी शिंपलाही जातो. मेलेल्याच्या जागी नवा येत नाही, एवढंच.

(दृश्य: बेशरमाची दाट जाळी. पलीकडे धानाच्या बांध्या.)

बिघडलं कसं? उथळ काठावर जिथं पाणवनस्पती असायच्या, तिथं बेशरम घुसली. बांध्यांतलं युरियाचं पाणी तलावात उतरतं, शेवाळ माजतं, कुजतं, आणि कुजताना बुडाचा प्राणवायू खातं. वर आणखी बाहेरून आणून सोडलेले मासे: गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस बूड उकरत बसतो.

आणि मग येतो जेसीबी. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. शेताला गाळ मिळतो, तलावात पाणी वाढतं, हे खरंच. पण मोठी घोंगली, म्हणजे तलावातली गोगलगाय, उन्हाळ्यात कुठं असते? ह्याच गाळात, तोंडाला झाकण लावून, पावसाची वाट पाहत. तिला कल्ला असतो आणि फुप्फुसासारखी पिशवीही, त्यामुळे पाणी आटलं तरी ती मरत नाही. ट्रॉलीत बसून बांधीत गेली तर मात्र तलावाला मुकली. मुरूम लागेपर्यंत सगळंच बूड खरवडण्याऐवजी अर्धं यंदा, अर्धं पुढच्या साली काढलं तर काय बिघडतं? पण कंत्राट काही अर्ध्या तलावाचं निघत नाही.

(दृश्य: नांगरलेलं पात्र, भेगाळलेली ढेकळं.)

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायांनी वेगळी वाट धरली. बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात कोरडं पात्र नांगरलं. गाळ नेला नाही, फक्त मोकळा केला. पाणी भरल्यावर शेजारच्या तलावांतून पाणवनस्पती आणून लावल्या. त्या पानांना अळ्या आणि गोगलगायी चिकटतात, आणि त्यांच्या मागोमाग मासे येतात.

(दृश्य: काठावर एक करकोचा. आवाज नाही, फक्त पाणी.)

ह्या करकोच्याचं नाव घोंगल्या फोडा. फोडत मात्र नाही. चोचीचं टोक झाकणाच्या फटीत सरकवतो, आतला जीव ओढून घेतो, आणि शंख तसाच अख्खा काठावर टाकून पुढं सरकतो. इथं सात पडलेत. पलीकडे, बेशरमाखाली, एकही नाही.