जुना थिंकपॅड आणि डाळीएवढी चिप

नमस्कार मंडळी, बेळगावच्या शहापुरातून बोलतोय. हा बघा थिंकपॅड एक्स-२३० लॅपटॉप, २०१२ सालचं मॉडेल. खानापूरच्या मामांनी नातीच्या कॉलेजसाठी जुन्या मालातून घेतलाय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्याच्यावर रीतसर बसत नाही. म्हणून भंगारात घालायचा काय? अजिबात नको. १६ जीबीपर्यंत रॅम घेतो, कीबोर्ड अजून झकास आहे. विंडोजच्या जागी लिनक्स टाकला की कॉलेजचं काम भागतं. पुष्कळांना तेवढंच पुरे, पुढचं केलंच पाहिजे असं नाही.

पुढचं म्हणजे बायोस बदलणं. बटण दाबल्यावर सगळ्यांच्या आधी जागा होतो तो हा प्रोग्राम. कंपनीचा बायोस बंद पेटी, आत काय चाललंय दिसत नाही. ह्या मॉडेलच्या मूळ बायोसमध्ये तर वायफाय कार्डांची यादीच असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की मशीन पुढे सरकतच नाही. मशीन आपण विकत घेतलं, मग कार्ड कुठलं घालायचं ते आपणच ठरवणार ना?

कंपनीच्या बायोसच्या जागी कोअरबूट नावाचा खुला प्रोग्राम घालता येतो, त्यात ही यादी नाही. १९९९ ला अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस म्हणून ते सुरू झालं, २००८ ला नाव बदललं. कोड कुणीही वाचावा. लिब्रेबूट नावाचा दुसरा खुला बायोस त्याच्यावरच उभा आहे. पण सगळंच मुक्त होतं असं समजू नका. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे आत स्वतंत्र चालणारी इंटेलची बंद यंत्रणा, ह्या मॉडेलातनं पूर्ण निघत नाही, बरंचसं कापता येतं तेवढंच. पूर्ण काढायचं तर ह्याच्याहून जुना थिंकपॅड एक्स-२०० घ्यावा लागतो, पण त्याच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर आजच्या वेबसाईटी फार रखडतात. नातीला तो मी देणार नाही.

आता कॅमेरा जवळ घेतो. चार्जर काढला, बॅटरी काढली, कीबोर्ड आणि हाताखालची पट्टी उचलली. ह्या दोन चिपा दिसल्या? बायोस ह्यांच्यातच असतो. तूरडाळीच्या दाण्याएवढ्या, आठ-आठ पायांच्या. एक ८ एमबीची, एक ४ एमबीची. कोपऱ्यात बारीक ठिपका आहे, तिथं पहिला पाय. चिपेचे पाय पकडणाऱ्या ह्या क्लिपची लाल वायर त्याच बाजूला यायला पाहिजे. वायरींच्या दुसऱ्या टोकाला रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड लावलाय, त्याच्यामार्फत माझा लॅपटॉप चिप वाचतो आणि लिहितो. ह्याच कामाचं स्वस्तातलं काळं यंत्र मिळतं, त्याला प्रोग्रामर म्हणतात; ते मी वापरत नाही, त्याच्या डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ ची.

लिहायच्या आधी वाचायचं, दोनदा. माझ्या पहिल्या मशीनला मी एकदाच वाचलं आणि लगेच लिहून मोकळा झालो. क्लिप तिरकी बसली होती. मूळ बायोस परत घालायला गेलो तर फाईलभर नुसते एफएफ, म्हणजे काहीच वाचलं गेलं नव्हतं! ८ एमबीच्या चिपेत त्या मशीनच्या लॅनचा स्वतःचा पत्ता असतो, दुसऱ्याची फाईल आणून तो मिळत नाही. फार वाईट वाटलं मला.

म्हणून चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या फ्लॅशरॉम प्रोग्रामनं दोनदा वाचून दोन फाईली घेतल्या, दोन्हींचा शा-२५६ काढला, म्हणजे फाईलीचा ठसा. बघा, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सारखा. एक नक्कल पेनड्राईव्हवर घातली, ती मामांच्या कपाटात जाईल.

आता नवा बायोस लिहायला लावतो. माझा लॅपटॉप बॅटरीवर आहे, मधेच करंट गेला तरी काम थांबणार नाही. 'व्हेरिफाइड' दिसेपर्यंत क्लिपला हात लावायचा नाही.

आला. बॅटरी द्या इकडं, बटण दाबूया.